जनावरं खात नाहीत, मग गवताला पैसे कशाला? शोभेच्या गवताची पावणेदोनशे वर्षं

कुणी लोकलमध्ये असेल, कुणी भांडी घासताना ऐकत असेल. आजचा विषय ऐकून थोडं हसू येईल, पण थांबा, पुढं ढकलू नका. आज आपण गवताबद्दल बोलणार आहोत. लॉनचं गवत नाही आणि वैरणीचंही नाही. लोक मुद्दाम, शोभेसाठी, पैसे देऊन बागेत लावतात ते गवत.

हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो एका लग्नात. मागच्या हिवाळ्यात माझ्या चुलतबहिणीचं लग्न झालं. स्टेजच्या दोन्ही बाजूंना तेच ते मऊ, फिकट, बदामी रंगाचे मोठाले तुरे. तुम्हीही इन्स्टावर शंभर वेळा पाहिले असतील. पंपास ग्रास. डेकोरेटरच्या बिलात त्याचा एक वेगळा आकडा होता.

आमची आत्या गावाकडून आली होती. तिच्या घरी शेळ्या आहेत, मेंढ्या आहेत, मागे माळ आहे. ती स्टेजजवळ गेली, एक तुरा बोटांत धरून पाहिला आणि मला म्हणाली, "अरे, हे गवतच ना? जनावरं खातात का?"

मी म्हटलं, "नाही गं आत्या, सुकवलेलं आहे. शोभेचं."

"जनावरं खात नाहीत, मग गवताला पैसे कशाला?"

सगळे हसले. मीही हसलो. पण खरं सांगू? मला ते तुरे इतके आवडले होते की आठवड्याभरात मी ऑनलाइन पंपासच्या बियांची दोन पाकिटं मागवली. डोक्यात प्लॅन होता. आत्याच्या शेताच्या बांधावर, ओढ्याच्या कडेला, एक लांब रांग लावायची. तीन-चार वर्षांत पुरुषभर उंच तुरे, मागं मावळता सूर्य. फोटो कसला येईल!

फोनवर आत्याला सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "त्याचं बी कुठवर जातं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाकिटावर उंची लिहिली होती, रंग लिहिला होता, ऊन किती लागतं तेही होतं. हे नव्हतं. आजचा भाग म्हणजे त्या एका प्रश्नाचं उत्तर शोधताना मला जे सापडलं ते.

आधी पंपासची गोष्ट

पंपास म्हणजे दक्षिण अमेरिकेतली, मुख्यतः अर्जेंटिनातली अफाट गवताळ मैदानं. तिथलं हे गवत. त्याचं शास्त्रीय नाव कॉर्टाडेरिया सेलोआना. पहिला शब्द स्पॅनिशमधल्या 'कापणे' ह्या अर्थाच्या शब्दावरून आला, कारण ह्याच्या पात्याची कड करवतीसारखी असते, हात कापते. दुसरा शब्द फ्रीडरिश सेलो ह्या जर्मन माणसाच्या नावावरून. तो ब्राझील आणि आजूबाजूच्या प्रदेशात वर्षानुवर्षं झाडं गोळा करत फिरला आणि 1831 मध्ये तिथल्याच एका नदीत बुडून गेला.

ह्या गवताला युरोपात पोचवणारा माणूस मात्र वेगळा. जॉन ट्वीडी, स्कॉटलंडचा माळी. पन्नाशीला आल्यावर, 1825 मध्ये, तो कुटुंबासह ब्यूनोस आयर्सला गेला आणि बागकाम करता करता रानोमाळ भटकून बिया जमवू लागला. त्यातल्या पंपासच्या बिया आयर्लंडमध्ये डब्लिनजवळच्या ग्लास्नेविन वनस्पती उद्यानात पोचल्या. साल साधारण 1840. तिथं त्या रुजल्या, आणि त्यानंतर युरोपभरच्या श्रीमंत बागांमध्ये हिरवळीच्या मधोमध एक भलामोठा पंपासचा ठोंब असणं ही फॅशन झाली.

आता गंमत बघा. आपल्याला वाटतं, सुकवलेले तुरे फुलदाणीत ठेवणं हे इन्स्टाग्रामनं आणलं. अजिबात नाही. व्हिक्टोरिया राणीच्या काळात घराघरांत दिवाणखान्यात हे तुरे असायचे. ही हौस पुरवायला कॅलिफोर्नियात चक्क शेती सुरू झाली. सांता बार्बराजवळ जोसेफ सेक्स्टन नावाचा एक नर्सरीवाला होता. 1870च्या दशकात त्याच्या लक्षात आलं की तुरा पूर्ण बाहेर पडायच्या आधीच काढून उन्हात वाळवला तर तो रेशमासारखा फुलतो आणि झडत नाही. मग काय, धंदा जोरात. कॅलिफोर्नियातून तुरे थेट युरोपात जायला लागले.

इथं एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. पंपासमध्ये दोन प्रकारची झाडं असतात. काही फक्त मादी, काही उभयलिंगी, म्हणजे त्यांच्यात परागही असतो. मादीचा तुरा जास्त भरगच्च, जास्त मऊ. त्यामुळे धंद्यात मादीलाच मागणी. पण नुसत्या मादी झाडांच्या रांगेत बी फारसं धरत नाही, कारण पराग येणार कुठून? म्हणजे तुऱ्यांची शेती जोरात होती, तरी गवत बरचसं कुंपणाच्या आत होतं.

विसावं शतक उजाडताना फॅशन बदलली. दिवाणखान्यातले तुरे लोकांना धुळकट वाटायला लागले. शेती बसली, पण गवत राहिलं. पुढं 1946 मध्ये अमेरिकेच्या मृदा संधारण खात्यानं लॉस एंजेलिस आणि व्हेंचुरा ह्या भागांत हेच गवत मुद्दाम लावलं. हेतू चांगला होता: उतारावरची माती धरून राहील आणि कोरड्या जमिनीवर जनावरांना चाराही होईल. आत्या खूश झाली असती! पण नर्सऱ्यांमध्येही आता बियांपासून रोपं व्हायला लागली होती, आणि बियांपासून केलं की मादीही येते, उभयलिंगीही येते. दोघं शेजारी आले. वारा होताच.

एका तुऱ्यात हजारोंनी बिया. प्रत्येक बी केसाएवढं हलकं. आज कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, रस्त्यांच्या कडेला, टेकड्यांवर पंपास आपोआप उगवतं आणि तिथली मूळची झाडं दाबून टाकतं. न्यूझीलंडमध्ये तर ते विकायला, वाढवायलाच बंदी आहे. दक्षिण आफ्रिकेतही ते उपद्रवी म्हणून जाहीर झालंय.

मी ती दोन पाकिटं टेबलाच्या खणात टाकली आणि पुढं वाचत गेलो.

जर्मनीतला म्हातारा माळी

पंपास बागेत आलं ते एक नवलाची वस्तू म्हणून. जिराफ आणून दारात बांधावा तसं. साधं, रानातलं वाटणारं गवत फुलझाडांच्या बरोबरीनं वाफ्यात लावायचं, ही कल्पना लोकांच्या गळी उतरवली ती मुख्यतः एका माणसानं. कार्ल फोर्स्टर.

जन्म 1874, बर्लिन. वडील तिथल्या वेधशाळेचे संचालक. मुलगा मात्र आकाशाऐवजी मातीत रमला. 1903 मध्ये त्यानं आईवडिलांच्या घराच्या आवारातच नर्सरी सुरू केली आणि काही वर्षांनी पॉट्सडॅमजवळच्या बोर्निम गावात जमीन घेतली. तिथली त्याची बाग आजही लोक बघायला जातात. त्याची पद्धत कडक होती. एकेक झाड वर्षानुवर्षं बघायचं. थंडीत टिकतं का, रोग पडतो का, आधाराशिवाय उभं राहतं का? नाही? काढून टाका. नखरेल झाडं सांभाळायला सामान्य माणसाकडे वेळ नसतो, हे त्याला कळलेलं होतं.

त्या काळच्या बागेत गवत म्हणजे काय, तर कापलेली हिरवळ. उंच वाढलेलं गवत म्हणजे माळी आळशी! फोर्स्टरनं उलट सांगितलं की फुलं दोन-तीन आठवड्यांची पाहुणी असतात. गवत मात्र वाऱ्यात हलतं, शरद ऋतूत रंग बदलतं, हिवाळ्यात वाळून उभं राहतं आणि त्यावर दंव साचलं की तेही बघण्यासारखं असतं. ह्या विषयावरचं त्याचं पुस्तक, बागेत गवतं आणि नेचे कसे आले ते सांगणारं, 1957 मध्ये निघालं. तेव्हा तो 83 वर्षांचा होता. 1970 मध्ये, 96 व्या वर्षी तो गेला.

म्हणजे ह्या माणसानं दोन महायुद्धं पाहिली आणि मधली नाझी राजवटही. आणि इथं आपल्या गोष्टीत एक वेगळंच वळण येतं.

नाझी काळात जर्मनीत झाडांच्या बाबतीतही 'आपलं' आणि 'परकं' सुरू झालं होतं. लँडस्केपमध्ये फक्त शुद्ध जर्मन झाडं हवीत, असं सांगणारे तज्ज्ञ वजनदार झाले होते. 1942 मध्ये तिथल्या काही वनस्पतीशास्त्रज्ञांनी मध्य आशियातून आलेल्या एका लहानशा झाडाविरुद्ध अक्षरशः युद्धाची भाषा वापरली. झाड कुठलं, तर आपल्या तेरड्याचं भावंड! पिवळ्या बारीक फुलांचं, जंगलात सावलीत उगवणारं. माणसांबद्दल जे बोललं जात होतं तेच झाडांबद्दल बोललं जात होतं.

मी हे का सांगतोय? कारण पंपासची कहाणी वाचून माझ्या मनात पहिला विचार आला होता तो हाच. परदेशी गवत वाईट, देशी चांगलं, संपला विषय. पण हे वाचलं आणि मी थबकलो. ही वाट इतकी सरळ नाही. फोर्स्टरच्या बागेत जगभरातली झाडं होती आणि ती कुणाच्या डोक्यावर बसली नाहीत. मग फरक कुठं आहे?

फरक मला त्याच्याच नावाच्या गवतात सापडला.

हॅम्बुर्गच्या वनस्पती उद्यानात फोर्स्टरच्या नजरेला एक गवत पडलं. सरळ, काठीसारखं ताठ, पाच-सहा फुटांपर्यंत जाणारं, वर सोनेरी कणसं. 1939 मध्ये ते त्याच्या कॅटलॉगमध्ये आलं. आज जगभर ते 'कार्ल फोर्स्टर' ह्याच नावानं विकलं जातं. ते दोन युरोपीय रानगवतांचं आपोआप झालेलं संकर आहे. त्यातलं एक इतकं पसरणारं की मध्य युरोपात माळच्या माळ व्यापून टाकतं. पण हे त्यांचं लेकरू वांझ आहे. कणसं येतात, बी धरत नाही.

म्हणजे बघा, आज हे गवत जिथं जिथं आहे तिथं ते कुणीतरी ठोंब खणून, फोडून, हातानं लावलेलं आहे. वाऱ्यानं एकही नेलेलं नाही. 2001 मध्ये अमेरिकेतल्या पेरेनियल प्लांट असोसिएशननं ह्याला वर्षाचं झाड म्हणून निवडलं.

त्याच्या देशातला 'स्थानिक' आईबाप माळ गिळतो आणि हे संकरित पोर जिथं लावाल तिथंच उभं राहतं. मग प्रश्न गाव कोणतं हा उरतच नाही. प्रश्न आत्याचाच खरा. बी कुठवर जातं?

अमेरिका, हाय लाइन आणि कुसळ

पुढचा टप्पा पटकन सांगतो. फोर्स्टरचा हा विचार अमेरिकेत नेला तो युरोपातून तिकडे गेलेल्या माणसांनी. मेरीलँडमध्ये कर्ट ब्लूमेल ह्यानं 1960च्या दशकात नर्सरी काढून गवतं वाढवली. वोल्फगांग ओम आणि जेम्स व्हॅन स्वीडन ह्या जोडीनं ती वॉशिंग्टनमधल्या बागांमध्ये झुंडीनं लावली, अगदी फेडरल रिझर्व्हच्या आवारातसुद्धा. मग डच माणूस पीट औडॉल्फ. न्यूयॉर्कची हाय लाइन तुम्ही रील्समध्ये पाहिली असेल, उंचावरची जुनी मालगाडीची लाइन. गाड्या बंद झाल्यावर तिथं रुळांमध्ये गवत आपोआप उगवलं होतं. लोकांना ते इतकं आवडलं की पाडापाडी टळली, आणि 2009 मध्ये जी बाग उघडली तिची लागवड औडॉल्फनं त्याच रानगवताच्या चालीवर केली.

पण सगळीकडे शेवट असा गोड नाही. हवाईकडे चला. तिथं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फाउंटन ग्रास नावाचं गवत शोभेसाठी आलं. मूळ उत्तर आफ्रिकेच्या बाजूचं. कारंज्यासारखा ठोंब, त्यावर मांजराच्या शेपटीसारखे तुरे. ह्याचं बी मात्र धरतं, आणि भरपूर धरतं. ते बागेतून निघालं आणि लाव्हाच्या काळ्या, उघड्या खडकांवर पसरलं. त्या खडकांवर पूर्वी जळायला काहीच नसायचं, त्यामुळे वणवा तिथं येऊन थांबायचा. आता तिथं वाळलेलं गवत आहे. आग पुढं जाते, आणि आगीनंतर सगळ्यात आधी परत उगवतं ते हेच.

ह्या गवतानं तिथल्या ज्या जुन्या गवताची जागा घेतली त्याला हवाईचे लोक पिली म्हणतात. पूर्वी ते त्यांनी झोपड्या शाकारायला वापरलं. मी त्याचं शास्त्रीय नाव शोधलं: हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस. मग त्याचं मराठी नाव शोधलं आणि खुर्चीत सरळ होऊन बसलो.

कुसळी. आपलं कुसळी गवत!

तेच, आत्याच्या माळावरचं. ज्याचं कुसळ पायजम्यात अडकतं. वाळलं की ते पिळवटतं, ओलावा लागला की सरळ होतं, आणि असं स्क्रूसारखं फिरत मातीत घुसतं. मेंढीच्या लोकरीत अडकलं की कातडीतही घुसतं. म्हणून आत्याला बियांचा प्रश्न सुचला होता! तिनं आयुष्यभर मेंढ्यांच्या अंगातली कुसळं उपटली आहेत. गवत म्हणजे आधी बी, मग बाकी सगळं, हे तिला कुठल्या पुस्तकात वाचायची गरज नव्हती.

आता लावायचंच असेल तर

तुम्ही म्हणाल, दादा, मग लावू का नको? लावा की. मला अजूनही गवत आवडतंच. फक्त नर्सरीत गेल्यावर रंग बघायच्या आधी बियांचं विचारा.

आपल्याकडच्या नर्सऱ्यांत जांभळं फाउंटन ग्रास सर्रास मिळतं. ह्या जांभळ्या जातीत बी सहसा रुजण्याजोगं नसतं, ती ठोंब फोडूनच वाढवतात. त्याच्या हिरव्या भावंडापासून मात्र लांब राहा.

सांभाळायला ही मंडळी सोपी आहेत. ऊन भरपूर द्या, निदान अर्धा दिवस. सावलीत ठोंब विस्कटतो आणि आडवा पडतो. खताचा मारा करू नका. गवताला जास्त खत म्हणजे नुसती लुसलुशीत पानं आणि लोळण. कुंडीत पाणी साचू देऊ नका. वर्षातून एकदा, नवी फूट यायच्या आधी, जुना पाला जमिनीपासून चार-सहा इंचांवर विळ्यानं साफ कापा. थंड देशांत हे हिवाळा सरताना करतात, आपल्याकडे पावसाच्या तोंडावर करणं सोयीचं. आणि काही वर्षांनी ठोंबाचा मधला भाग वाळून पोकळ दिसायला लागला, की अख्खा खणून काढा, मधलं मेलेलं फेका, कडेचे जिवंत फुटवे वेगळे करून पुन्हा लावा. शेजाऱ्याला एक द्या. फोर्स्टरचं गवत असंच तर जगभर गेलं.

आणि तुरे बी धरणारे असतील तर? बी पिकायच्या आधी तुरा कापायचा. दरवर्षी, न चुकता. हे जमणार नसेल तर लावू नये, इतकं साधं आहे.

बांधावर शेवटी काय लागलं

मे महिन्यात गावी गेलो. ती दोन पाकिटं बरोबर नेली होती. आत्याला सगळं सांगितलं. ट्वीडी, सेक्स्टन, म्हातारा फोर्स्टर, हवाईचं कुसळ. कुसळाचं ऐकून ती खूप हसली. म्हणाली, "एवढ्या लांब समुद्रात पण हाय व्हय ते?"

मग म्हणाली, "तुला बांधावर उंच गवतच पायजे ना? मग वाळा लाव की."

वाळा! उन्हाळ्यात माठात टाकतो तो. मी त्याच्याकडे कधी बागेतलं झाड म्हणून पाहिलंच नव्हतं. पण ऐका. वाळ्याचा ठोंब पाच-सहा फूट सहज होतो, पाती बारीक आणि झुकलेली, वाऱ्यात छान हलतात. मुळं सरळ खाली, फार खोल जातात, त्यामुळे बांधाची माती धरून राहते. कर्नाटकातले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या बांधावर वाळ्याची रांग लावत आले आहेत. 1980च्या दशकात जागतिक बँकेच्या लोकांनी ते पाहिलं आणि माती वाचवायचा उपाय म्हणून जगभर त्याचा प्रचार केला. आणि तो धोक्याचा का ठरला नाही? कारण दक्षिण भारतातला हा लागवडीचा वाळा बियांनी पसरतच नाही. उत्तरेकडच्या रानटी वाळ्याला बी धरतं, ह्याला नाही. फुटवे काढा, लावा. लावाल तिथंच राहतो.

म्हणजे 1946 मध्ये कॅलिफोर्नियात ज्या कामासाठी पंपास लावलं, ते काम करणारं गवत माझ्या माठात होतं.

पहिला पाऊस पडल्यावर आम्ही दोघांनी बांधावर वाळ्याचे फुटवे लावले, वीत-वीत अंतरावर. आत्या पुढं खुरप्यानं खड्डे करत होती, मी मागून लावत होतो. फोटो अजून काहीच येत नाही, नुसती हिरवी शेंडी दिसते. दोन वर्षं थांबावं लागेल.

आणि ती पाकिटं? त्याच संध्याकाळी आत्यानं चहा ठेवला होता. मी पाकिटं तिच्या हातात दिली. तिनं उलटसुलट करून चित्र पाहिलं, "दिसायला चांगलं हाय, पण" म्हणाली, आणि चुलीत टाकली.

आजच्यापुरतं इतकंच. पुढच्या वेळी नर्सरीत गेलात की आत्याचा प्रश्न तेवढा विचारा. भेटू पुढच्या भागात.